गाठीचा निवाडा : ध्वनीची साक्ष, सुईचा पुरावा

मराठीत ‘गाठ’ हा शब्द बहुधा चांगल्या अर्थाने येतो. लग्नगाठ असते, गाठीभेटी असतात, अडीअडचणीसाठी गाठीशी ठेवलेले चार पैसे असतात. परंतु आंघोळ करताना मानेवर, काखेत किंवा स्तनात हाताला गाठ लागली की हे सारे अर्थ मागे पडतात आणि मनात एकच शब्द उभा राहतो. तो घरात कोणी मोठ्याने उच्चारीत नाही. पुढचे काही दिवस, पुष्कळदा काही महिने, त्या न उच्चारलेल्या शब्दाच्या धाकात जातात. कोणी सांगते, ‘दुखत नाही ना, मग काळजीचे कारण नाही.’ वस्तुतः कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही. कोणी लेप सुचविते, कोणी पथ्य सुचविते. शेवटी मंडळी डॉक्टरांकडे जातात, डॉक्टर सोनोग्राफी करावयास सांगतात, आणि सोनोग्राफीच्या अहवालाखाली ‘सुईची तपासणी करून घ्यावी’ अशी ओळ आली की घरात बैठक बसते. ‘सुई लावू देऊ नका, सुई लागली की रोग अंगभर पसरतो,’ असे सांगणारे कोणी ना कोणी त्या बैठकीत असतेच. खेदाची गोष्ट अशी की, तसे सांगणारा मनुष्य पुष्कळदा चांगला शिकलेला असतो.

या एका समजुतीपायी किती गाठी वेळेवर तपासल्या जात नाहीत याची मोजदाद कोठेही होत नाही. परंतु कर्करोगाच्या रुग्णालयात उशिरा पोहोचणाऱ्यांच्या कहाण्यांत ती वारंवार भेटते. म्हणून सोनोग्राफी गाठीविषयी काय सांगू शकते, काय सांगू शकत नाही, आणि तिच्या देखरेखीखाली घातलेली सुई नेमके काय करते, हे सामान्य सुशिक्षित माणसाने समजून घेणे अगत्याचे झाले आहे. सोनोग्राफीचा संबंध आपण सहसा गर्भारपणाशी जोडतो. परंतु या तंत्राचा रुग्णांवर वापर सुरू झाला तेव्हा त्याच्यापुढे आरंभीच्या काळातच पोटातील गाठी आल्या होत्या, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

बॉयलरच्या कारखान्यात

१९५४ साली इयन डोनाल्ड हे स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले होते, आणि रडार व सोनार या युद्धकालीन साधनांची त्यांना चांगली ओळख होती. पाण्यात सोडलेला ध्वनी पाणबुडीवर आपटून परत येतो आणि ती कोठे आहे हे सांगतो. तर मग शरीरातील गाठीवर आपटून परत आलेला ध्वनी काही सांगणार नाही काय, असा प्रश्न त्यांना पडला. ग्लासगोजवळच रेनफ्रू येथे बॅबकॉक अँड विल्कॉक्स या कंपनीचा बॉयलर बनविण्याचा कारखाना होता. बॉयलरच्या पत्र्याच्या जोडात आत कोठे भेग आहे का, हे तेथे श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राने पाहत असत. आपल्याकडे मडके विकत घेताना बाई ते टिचकी मारून वाजवून पाहते, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणावयाची.

१९५५ च्या जुलै महिन्यात डोनाल्ड त्या कारखान्यात गेले. बरोबर मोटारीच्या मागच्या कप्प्यात शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी होत्या : गर्भाशयाच्या घट्ट गाठी आणि बीजकोशाच्या द्रवाने भरलेल्या गाठी. तुलनेसाठी कारखान्याच्या लोकांनी मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. यंत्राचे टोक गाठीला लावताच पडद्यावर जे उमटले त्याने डोनाल्ड यांची खात्री पटली. पाण्याने भरलेल्या गाठीतून ध्वनी विनातक्रार पार जात होता आणि थेट पलीकडच्या भिंतीवरून परत येत होता. घट्ट गाठीत मात्र तो पावलोपावली अडखळत होता आणि हळूहळू विरत होता. पोकळ आणि भरीव यांतला भेद पोट न उघडता कळण्याची वाट सापडली होती.

पुढे टॉम ब्राउन नावाचा एक तरुण अभियंता त्यांना येऊन मिळाला. जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर सहकारी होतेच. ब्राउन यांनी शरीरावर फिरवून चित्र उमटविणारे यंत्र तयार केले. याच काळातील एक हकीकत या शास्त्राच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. एका बाईचे पोट फुगत चालले होते, वजन झपाट्याने उतरत होते. क्ष-किरण तपासणीनंतर जठराचा कर्करोग, तोही शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला, असे निदान झाले होते. पोटात साचलेले पाणी हा त्या रोगाचाच परिणाम आहे असे मानले गेले होते. डोनाल्ड यांच्या यंत्राने वेगळीच साक्ष दिली. पाणी पोटात मोकळे पसरलेले नव्हते. ते एका प्रचंड पिशवीत कोंडलेले होते. शस्त्रक्रिया झाली, बीजकोशाची ती गाठ निघाली, ती निरुपद्रवी ठरली आणि बाई बरी झाली. १९५८ सालच्या जून महिन्यात ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राउन यांचा लेख आला, त्याचा विषय होता पोटातील गाठींची श्राव्यातीत ध्वनीने तपासणी.

अमेरिकेत मिनिआपोलिस येथे जॉन वाइल्ड हे मूळचे इंग्रज शल्यचिकित्सक आणि जॉन रीड हे अभियंते याच वाटेने थोडे आधी निघाले होते. कर्करोगाच्या ऊतकातून येणारा पडसाद निरोगी ऊतकाच्या पडसादाहून वेगळा असतो, हे १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांतच त्यांच्या ध्यानात आले होते, आणि त्यांनी स्तनातील गाठींवर ते तपासूनही पाहिले होते. म्हणजे गाठ ओळखणे हे सोनोग्राफीचे नंतर चिकटलेले काम नव्हे. ते तिच्या जन्मापासूनचे काम आहे.

पडसाद काय सांगतो

मानवी कानाला सेकंदास सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. सोनोग्राफीत वापरला जाणारा ध्वनी सेकंदास साधारणतः वीस लाख ते दीड कोटी कंपनांचा असतो. तो निर्माण करण्याचे व परत आलेला पडसाद टिपण्याचे काम एकाच प्रकारचे स्फटिक करतात. दाब दिला की वीज आणि वीज दिली की कंप, हा स्फटिकांचा गुण १८८० साली पिअर आणि झाक क्यूरी या बंधूंच्या संशोधनामुळे उजेडात येऊ लागला होता. शरीराच्या मऊ भागांत ध्वनी सेकंदास सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. पडसाद किती वेळाने परतला यावरून खोली कळते आणि तो किती जोरकस आहे यावरून ऊतकाचा पोत कळतो. अशा असंख्य पडसादांचे ठिपके जुळवून पडद्यावर काळे-पांढरे चित्र उभे राहते. कंपने जितकी अधिक तितके चित्र रेखीव, पण ध्वनी तितका उथळ. म्हणून स्तन, मान यांसारख्या वरवरच्या भागांसाठी एक टोक आणि यकृत, मूत्रपिंड यांसाठी दुसरे टोक वापरावे लागते. हवा आणि हाड यांपुढे ध्वनीचे काही चालत नाही. कातडीवर तो गार, चिकट पदार्थ लावतात तो मधली हवा घालविण्यासाठीच. त्याच कारणाने फुफ्फुसाच्या आत खोल असलेली गाठ सोनोग्राफीला दिसत नाही. तेथे सी.टी. स्कॅनला शरण जावे लागते.

या चित्रात अनुभवी डॉक्टर काय पाहतात? द्रवाची साधी गाठ काळी, गुळगुळीत कडेची दिसते आणि तिच्यामागचा भाग उजळ दिसतो. अशा गाठीला बहुधा सुईची गरजच नसते. तरुण मुलींच्या स्तनात आढळणारी साधी भरीव गाठ सहसा लांबट, आडवी पसरलेली आणि रेखीव कडेची असते. उलट कडा वेड्यावाकड्या आहेत, गाठ आडवी असण्याऐवजी आत खोल उभी वाढली आहे, मागे काळी सावली पडते आहे, अशी लक्षणे दिसली की संशय बळावतो.

परंतु तो संशयच. न्यायालयात साक्षीदार सांगतो की, आरोपीसारखा दिसणारा मनुष्य मी तेथे पाहिला. त्या साक्षीला मोल आहे, पण तेवढ्यावर फाशी होत नाही. सोनोग्राफीचे चित्र ही अशी साक्ष आहे. भयानक दिसणारी गाठ कधी जुन्या जखमेची किंवा क्षयाची निघते, आणि साळसूद दिसणारी गाठ क्वचित घात करते. निवाडा व्हावयाचा तो सूक्ष्मदर्शकाखाली, गाठीच्या पेशी प्रत्यक्ष पाहूनच. त्या पेशी बाहेर आणावयाच्या तर सुई हवी.

सुईला डोळे मिळाले

सुईने गाठीतील पेशी शोषून घेऊन तपासण्याची पद्धत सोनोग्राफीहून जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरिअल रुग्णालयात हेज मार्टिन यांनी १९३० च्या सुमारास ती व्यवस्थितपणे मांडली. पुढे स्वीडनमधील कॅरोलिन्स्का येथील डॉक्टरांनी १९५० नंतर तिला नावारूपास आणले. परंतु ही सुई आंधळी होती. हाताला लागणाऱ्या गाठीत ती घालता येई; पोटातल्या, खोलवरच्या गाठीत घालावयाची तर अंदाजाने. शेजारी मोठी रक्तवाहिनी आहे की आतडे, हे सुईला कळत नसे. त्यामुळे खोल गाठीचा तुकडा हवा असेल तर पोट उघडण्यावाचून पुष्कळदा गत्यंतर नसे.

१९७२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे हान्स हेन्रिक होल्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि अमेरिकेत बॅरी गोल्डबर्ग यांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती प्रसिद्ध केली. ध्वनी सोडणाऱ्या टोकाच्या मधोमध छिद्र ठेवावयाचे आणि त्यातून सुई सरकवावयाची, म्हणजे ध्वनीची वाट तीच सुईची वाट. आज यंत्रे पुष्कळ पुढे गेली आहेत. डॉक्टर एका हाताने टोक धरतात, दुसऱ्या हाताने सुई घालतात, आणि पडद्यावर सुई एखाद्या उजळ रेघेसारखी गाठीकडे सरकताना त्याच क्षणी दिसते. वाटेत रक्तवाहिनी असेल तर ती चुकविता येते. गाठीचा मधला भाग सडलेला असेल तर कडेचा जिवंत भाग निवडता येतो. क्ष-किरणांचा संबंध नाही, गुंगीची गरज बहुधा नाही. जागा बधिर करतात, स्प्रिंगच्या सुईचा ‘टक्’ असा आवाज होतो, आणि शेवईच्या तुकड्याएवढे ऊतक बाहेर येते. गरजेप्रमाणे असे तीन-चार तुकडे घेतात. थोडा वेळ जागा दाबून धरून, काही काळ देखरेखीखाली ठेवून, रुग्णाला बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगितले पाहिजे, एवढी दक्षता मात्र हवी.

येथे दोन प्रकारच्या सुयांतला भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. बारीक सुईने पेशी सुट्या सुट्या मिळतात. मानेतील गाठीसाठी, थायरॉइडसाठी ती पुष्कळदा पुरते. आपल्या देशात तर तिचे महत्त्व विशेष आहे, कारण आपल्याकडे मानेत गाठी येण्यामागे क्षय हे एक नेहमीचे कारण आहे. कर्करोगाच्या भीतीने महिनोन्‌महिने लपविलेली गाठ क्षयाची निघावी आणि साधारण सहा महिन्यांच्या औषधाने मनुष्य बरा व्हावा, असे आपल्याकडे अनेकांच्या बाबतीत घडते. जाड सुईने मात्र ऊतकाचा अखंड तुकडा मिळतो. स्तनाच्या गाठीत तो विशेष मोलाचा, कारण कर्करोग आहे की नाही एवढेच नव्हे, तर तो कोणत्या जातीचा आहे, संप्रेरकांना रोखणाऱ्या गोळ्या त्याला लागू पडतील काय, आधी औषध द्यावे की आधी शस्त्रक्रिया करावी, हेही त्या तुकड्यावरून ठरते. अजूनही काही ठिकाणी स्तनातील गाठ दिसली की ती आधी कापून काढतात आणि मग तपासणीस पाठवितात. ती कर्करोगाची निघाली तर कड अपुरी राहिलेली असते, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती निरुपद्रवी निघाली तर पहिलीही पुष्कळदा अनावश्यक ठरते. पुराव्याआधी शिक्षा, असा हा उफराटा कारभार आहे.

‘पसरेल’ या भीतीचे मोजमाप

आता त्या बैठकीतल्या सल्ल्याकडे वळू. सुईमुळे कर्करोग पसरतो काय? ‘मुळीच नाही’ असे सरसकट उत्तर देणे शास्त्राला धरून होणार नाही. सुईच्या वाटेवर काही पेशी सांडणे शक्य असते. पण सांडलेली प्रत्येक पेशी रुजत नाही, हे बी पेरणाऱ्या शेतकऱ्यास सांगावयास नको. प्रश्न असा की, असे घडते किती वेळा आणि कोठे.

यकृताच्या मूळ कर्करोगात हे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत शेकडा दोन-तीनपर्यंत आढळले आहे. म्हणूनच यकृत आधीच खराब असलेल्या रुग्णात, सी.टी. किंवा एम.आर.आय.च्या चित्रावरूनच निदान पक्के होत असेल तर डॉक्टर तेथे सुई टाळतात. वृषणातील संशयास्पद गाठीला कातडीतून सुई लावत नाहीत. बीजकोशापुरती मर्यादित असलेली संशयास्पद गाठ सुईने फोडत नाहीत. हे अपवाद डॉक्टरांना ठाऊक आहेत आणि ते पाळण्यासाठीच आहेत. पोटातील इतर बहुतेक गाठींत, स्तनात, थायरॉइडमध्ये असा प्रसार अत्यंत विरळा असतो. स्तनाच्या बाबतीत पुढची शस्त्रक्रिया व किरणोपचार त्या शक्यतेचाही बहुतांशी बंदोबस्त करतात.

स्वादुपिंडाचा कर्करोग हा अत्यंत चिवट रोगांपैकी एक. त्यात गिळावयाच्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी बसवून जठराच्या भिंतीतून सुई घालतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा दोन हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध केली. सगळ्यांचीच शस्त्रक्रिया झालेली होती. काहींना आधी सुई लावलेली होती, काहींना नव्हती. सुई लावलेले रुग्ण कमी जगले नाहीत. उलट थोडे अधिकच जगलेले दिसले. सुईने आयुष्य वाढते असा अर्थ यातून काढू नये. परंतु सुईने आयुष्य घटते या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, एवढे निश्चित.

मग ही समजूत आली कोठून? तिचे कारण दुष्टपणात नाही, कालगणनेत आहे. आपल्याकडे मनुष्य गाठ घेऊन उशिरा येतो. सुई लागते तेव्हा रोग आधीच पसरलेला असतो. महिन्या-दोन महिन्यांत तो उघड दिसू लागतो, आणि शेजारी म्हणतात, ‘चांगला हिंडत-फिरत होता, सुई लावली आणि खाटेला खिळला.’ आधी घडले ते कारण, ही तर्कातली जुनी चूक येथे प्राणघातक ठरते. सुईने रोग पसरविला नाही. सुईच्या भीतीने जो काळ गेला त्या काळात तो पसरला.

अतिरेकाचाही धडा

याचा अर्थ दिसेल त्या गाठीला सुई लावत सुटावे असा कोणी करू नये. दक्षिण कोरियाने या बाबतीत जगाला एक धडा घालून दिला आहे. तेथे १९९९ साली कर्करोग शोधण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडची सोनोग्राफी त्यात नव्हती, पण रुग्णालये थोड्या जादा पैशांत तीही करून देऊ लागली. २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या तुलनेत पंधरा पट झाले. एवढे कर्करोग वेळीच सापडले म्हटल्यावर मृत्यू कमी व्हावयास हवे होते. ते होते तेवढेच राहिले. म्हणजे सापडलेल्यांपैकी बहुतेक गाठी अशा होत्या की, त्या जन्मभर मानेत निपचित पडून राहिल्या असत्या. निदान झालेल्या जवळजवळ सगळ्यांची मात्र ग्रंथी काढली गेली आणि पुष्कळांच्या वाट्याला जन्मभराच्या गोळ्या आल्या. २०१४ साली तेथील काही डॉक्टरांनीच जाहीर इशारा दिला, तेव्हा कोठे हा ओघ कमी झाला.

या अनुभवातून नियम निघाले. २०१७ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे, थायरॉइडमधील अगदी संशयास्पद दिसणारी गाठही एक सेंटिमीटरहून लहान असेल तर सामान्यतः सुई लावू नये, नजर ठेवावी. सुईची भीती ही जशी एक चूक, तशी सुईची हौस ही दुसरी. तक्रार नसताना ‘पॅकेज’ म्हणून सर्वांगाची सोनोग्राफी करून घेणाऱ्या शहरी मध्यमवर्गाने हे ध्यानात ठेवावे. गाठ हाताला लागली आहे, लक्षण आहे, अशा माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी सोनोग्राफी आणि सुई ही चैन नव्हे.

यंत्र आरोपी नव्हे

महाराष्ट्रात सोनोग्राफी या शब्दाला एक काळी किनार आहे, ती झाकून हा विषय पुरा होणार नाही. गर्भातील मुलगी ओळखून तिला नाहीशी करण्यासाठी या यंत्राचा जो दुरुपयोग झाला, त्याविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, तो १९९६ पासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक झाला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. हा कलंक यंत्राचा नाही, आपला आहे. जे यंत्र पोटातल्या गाठीची साक्ष देण्यासाठी पुढे आले, त्याला आपण पोटातल्या मुलीविरुद्ध साक्षीला उभे केले.

या कायद्याप्रमाणे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी करावी लागते. ते नोंदलेल्या जागेबाहेर फिरविण्यावर, काही अपवाद सोडता, निर्बंध आहेत. या कागदोपत्री जाचाविरुद्ध डॉक्टरांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. २०१९ साली न्यायालयाने कायद्याच्या तरतुदी उचलून धरल्या. ते योग्यच झाले असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वरील आकडे पाहता कायदा सैल करा असे म्हणण्याचा अधिकार आपण गमावला आहे. परंतु कायद्याकडे बोट दाखवून सोय न करणे हेही चालू देता कामा नये. गाठीची तपासणी करण्यास आणि तिच्यात सुई घालण्यास हा कायदा कोठेही मनाई करीत नाही. नोंदणी केलेल्या जागेत, पात्र डॉक्टरांच्या हातून, ते काम बिनदिक्कत करता येते. अडचण कायद्याची नसून माणसांची आहे. सोनोग्राफीच्या आधाराने सुई घालण्याचा सराव असलेले डॉक्टर आणि सूक्ष्मदर्शकाखाली निदान करणारे विकृतिवैज्ञानिक मोठ्या शहरांत एकवटले आहेत.

रुग्णाऐवजी बाटली जाऊ द्या

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून ‘मुंबईला टाटाला नेले’ हे वाक्य महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत एका विशिष्ट अर्थाने रूढ झाले आहे. त्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक दीर्घ प्रयोग केला. निम्म्यांच्या स्तनांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने करीत. २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तसा फायदा दिसला नाही. महागड्या यंत्राविना, केवळ शिकविलेल्या हातांनी एवढे साधता येते, ही आपल्यासारख्या देशास मोठी आशेची गोष्ट आहे. मात्र हाताला गाठ लागल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न तेथेच उभा राहतो. तीस वर्षांवरील माणसांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. तपासणीत गाठ सापडलेल्या खेड्यातील बाईला सुईसाठी तीनशे मैलांवर जा असे सांगावयाचे असेल, तर आपण तिला फक्त घाबरविले एवढेच होईल. मजुरी बुडवून, मुलांना शेजारी ठेवून, मुंबईत उतरण्याची सोय नसताना ती जाणार कशी?

वस्तुतः प्रवास बाईने करण्याची गरज नाही. तो तिच्या गाठीच्या तुकड्याने करावा. फॉर्मॅलिनच्या लहान बाटलीत ठेवलेला तुकडा काही दिवस सुरक्षित राहतो. तो प्रयोगशाळेत मेणात बसवून, कागदाहून कितीतरी पातळ काप करून, रंगवून पाहतात. आंब्याची पेटी एस.टी.ने घरपोच करण्याची हातोटी असलेल्या राज्याला एक बाटली नियमितपणे, पत्त्यावर आणि वेळेवर पोहोचविणे अवघड जाऊ नये. तुकडा योग्य तऱ्हेने काढणारा एक सराईत हात प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवा. तो तयार करण्यास परदेशी शिक्षण लागत नाही. काही महिन्यांचे पद्धतशीर प्रशिक्षण आणि रोजचा सराव लागतो. यंत्र बहुतेक ठिकाणी आहेच. २०१२ साली देशातील कर्करोग केंद्रांचे जे राष्ट्रीय जाळे टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने उभे राहिले, त्याच्या आधाराने जिल्हा रुग्णालय आणि मोठी प्रयोगशाळा यांची कायमची जोड घालून देता येईल. अहवाल किती दिवसांत मिळाला, याची नोंद जिल्हावार प्रसिद्ध व्हावी. पावसाचे आकडे रोज छापले जातात. हे महिन्यातून एकदा छापले तरी पुरे.

सरकारने करावयाचे ते हे. आपण करावयाचे त्याहून सोपे आहे. शाळेतील शिक्षक, कचेरीतील सहकारी, महाविद्यालयातील मुलेमुली, यांचे शब्द घरातल्या त्या बैठकीत ऐकले जातात. बैठकीत कोणी ‘सुई लावू नका’ म्हणाले तर त्याच्याशी वाद न घालता एवढेच विचारावे की, गाठ कशाची आहे हे कळल्यावाचून औषध कशाचे घ्यावयाचे? डॉक्टरांनाही निःसंकोच विचारावे : ही गाठ पोकळ आहे की भरीव, सुई लागणार असेल तर सोनोग्राफीत पाहून घालणार ना, आणि सुई टाळावी अशा अपवादांत ही गाठ मोडते काय? असे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही, आणि चांगला डॉक्टर त्यांना रागावत नाही.

ग्लासगोच्या त्या बाईला मरणाचे निदान हातात देऊन झाले होते. पुराव्यासाठी थांबण्याची बुद्धी तिच्या डॉक्टरांना झाली म्हणून ती घरी परत गेली. आपल्याकडे गाठ असलेल्या प्रत्येक माणसाला, तो मुंबईत असो वा गडचिरोलीत, निवाड्याआधी पुरावा मिळण्याचा हक्क आहे. तो मिळवून देण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागणार नाही. लागणारा शोध १९७२ सालीच लागलेला आहे.